फवारणीआधीचं तेल

माझ्या नवऱ्याच्या अंगाला तीन हंगाम मी माझ्या हातांनी खोबरेल चोळलं. काजूच्या बागेत औषध मारायला निघण्याआधी, सकाळी, मागच्या पडवीत. मान, पाठ, दोन्ही हात खांद्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत. काळजीपोटीच चोळत होते हे सांगायला नको, पण सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात माझी बाजू घेणारं एवढं एकच वाक्य आहे.

आज त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर असतात. शर्टाचं बटण लावायला गेले की बोटं बटणाभोवती फिरत राहतात आणि बटण काही काजात जात नाही. कधी हात थरथरतो, कधी आठवडाभर शांत असतो आणि आम्हाला उगाच बरं वाटायला लागतं. फवारणीमुळे झालं का, तेलामुळे जास्त झालं का, की त्यांच्या नशिबात हे असंही होतंच, हे आजवर कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. मी मात्र मनातल्या मनात निकाल कधीच लावून टाकला आहे.

मी गोव्यात, लाटंबार्शाला बालवाडी चालवते. माझं माहेर हद्दीपलीकडचं, सिंधुदुर्गातलं, एसटीनं पाऊण तासावर. तिकडे आमचं घर ओल्या काजूगरांवर चालायचं. ओल्या काजूच्या सालात एक चिकट तेल असतं, आम्ही त्याला डीक म्हणतो. तो कातडीला लागला की कातडी भाजते, काळी पडते, सोलून निघते. म्हणून सुरी हातात घेण्याआधी आई आम्हा बहिणींना ओळीनं बसवायची आणि कोपरापर्यंत खोबरेल चोळायची. तेल लावलेल्या हाताला डीक चिकटत नाही. विसरलीस तर आठ दिवस जेवताना हात झोंबेल, हे आईला दोनदा सांगावं लागत नसे. शहाण्याला शब्दाचा मार, आणि माझ्यासारख्या अतिशहाणीला डिकाचा. तेवढं एकदा भोगल्यावर तेलावर माझी श्रद्धा बसली ती बसलीच.

लग्न होऊन मी गोव्यात आले तेव्हा नवरा खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक दारात गंजला, आणि दोनतीन वर्षं हे ते करून झाल्यावर त्यांनी फवारणीचा इंजिनवाला पंप घेतला. पूर्वी आमच्या बाजूला काजूला कुणी औषध मारत नसे. झाड आपलं आपण फळायचं, आपण खाली पडलेल्या बिया वेचायच्या. हल्ली मोहोर येऊ लागला की ढेकण्या नावाचा किडा त्यावर बसतो, रस ओढतो, आणि आठ दिवसांत अख्खा मोहोर जळल्यासारखा काळा पडतो. मग बागवाले फवारणीवाल्याला बोलावतात. पालवीला एकदा, मोहोराला एकदा, बी धरू लागली की पुन्हा एकदा. डिसेंबरपासून शिमग्यापर्यंत माझा नवरा या डोंगरावरून त्या डोंगरावर पंप पाठीला लावून हिंडत असे.

काजूचं झाड उंच आणि माणूस त्याच्या खाली. वर मारलेलं औषध खाली यायचंच. पहिल्या हंगामात ते संध्याकाळी यायचे तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, मान लालबुंद, डोळ्यांतून पाणी. एका बागवाल्यानं प्लास्टिकचा डगला, हातमोजे आणि तोंडाला लावायचं काहीतरी दिलं होतं. ते एक दिवस घातलं. आमच्याकडच्या उकाड्यात त्यात माणूस उकडून निघतो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते गोठ्यातल्या खुंटीला लटकलं. रात्रभर खाज. खाजवून खाजवून मानेला ओरखडे.

“सोड गो, वखद तें. आंगाक लागतलेंच,” ते म्हणाले. औषधाला ते वखदच म्हणत. जणू कुणी वैद्यानं दिलंय.

मी सोडणाऱ्यांतली नाही. मी शाळेतल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. “एवढं साधं कळत नाही? काजू सोलताना हाताला काय लावतात?” मी गावात तीस वर्षं राहूनही पुस्तकातलं मराठी बोलते, त्यावरून ते मला चिडवत आले आहेत. त्या दिवशीही म्हणाले, “बाईंनी सांगलें म्हणजे सरकारी कायदो जालो.” आणि कायदा मानून पाटावर बसले.

खाज थांबली. हेच तर सगळ्यात वाईट झालं. खाज वाढली असती, अंगावर फोड आले असते, तर मी दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली कपाटात ठेवली असती. पण मान निवळली, ओरखडे गेले, ते शांत झोपू लागले. औषधाच्या बाटलीबरोबर घडी घातलेला कागद येतो, तिळाएवढ्या अक्षरांचा, चारपाच भाषांतला. तो मी चष्मा लावून वाचला होता. मुलांपासून दूर ठेवा, वाऱ्याच्या दिशेनं उभे राहा, काम झाल्यावर साबणानं अंग धुवा. तेल लावू नका असं मला त्यात कुठं सापडलं नाही. वाचणारी मी घरात एकटी, म्हणून मला वाटलं की आता कळायचं काही राहिलं नाही.

आणि मग मी ते सगळ्या गावाला शिकवलं.

आमचा बचत गट आहे. महिन्यातून एकदा बालवाडीच्याच खोलीत बैठक होते, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही बायका गुडघे पोटाशी घेऊन बसतो. गावात तेव्हा आणखी पाचसहा जण, माझ्या नवऱ्याला भाव म्हणणारे, फवारणीला जाऊ लागले होते. त्यातल्या बहुतेकांच्या बायका गटात. एकीनं सहज नवऱ्याच्या खाजेचा विषय काढला. ती खालच्या वाड्यावरची, बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. मला राहवेना. मी उठून फळ्यापाशी गेले. फळ्यावर लिहिलं नाही एवढंच, बाकी धडा पूर्ण घेतला. खोबरेलच का, किती घ्यायचं, मानेच्या मागं विसरायचं नाही. “कातडी आणि विष यांच्यात तेलाचा पडदा हवा,” असं वाक्य मी बोलले. मला ते इतकं आवडलं की दोनदा बोलले.

पुढच्या बैठकीला खालच्या वाड्यावरची ती म्हणाली, “बाई, तुमी सांगिल्लें तशें केलें. ह्यांची खाज गेली मगो!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बोटांचं दुखणं तिसऱ्या हंगामाच्या शेवटी सुरू झालं. आधी मुंग्या. मग रात्री हात जड. पंपाच्या दांड्यानं अवघडला असेल म्हणून आम्ही शेकलं, लेप लावला, पावसाळा असाच काढला. गणपतीत त्यांच्या हातातून आरतीचं ताट कललं आणि सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही. नोव्हेंबरात, बागा पुन्हा पालवायच्या आत, मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून डिचोलीला डॉक्टरकडे नेलं. आयुष्यभर ते पुढं आणि मी मागं, त्या दिवशी उलटं. वाटेत कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून ते टोपी कपाळावर ओढून बसले होते.

डॉक्टरीण तरुण होती. आधी तिनं त्यांना आत घेऊन तपासलं, सुई टोचून बोटांना कळतं का पाहिलं, बराच वेळ काहीबाही विचारलं. मग त्यांना रक्त द्यायला पाठवून मला आत बोलावलं. कामाचं विचारलं, औषधांची नावं विचारली, मला आठवली तेवढी मी सांगितली. मग ती म्हणाली, “फवारणीला जाताना अंगाला तेल लावून जातात, असं ते म्हणाले.”

मी “हो” म्हटलं. तोवर मला त्यात सांगण्यासारखं काही वाटत होतं. माझा चेहरा अभिमानी असावा.

“ते पहिलं बंद करा,” ती म्हणाली. “यातली बरीच औषधं तेलात चटकन विरघळतात. तेलकट कातडीला धरून राहतात, आत जास्त शिरतात. नुसत्या पाण्यानं निघतही नाहीत.” माझा चेहरा पाहून तिनं आवाज खाली आणला. हाताचं दुखणं त्यामुळेच आहे असं ती म्हणणार नाही. साखरेनं होतं, मानेच्या मणक्यानं होतं, कधी कारण सापडतच नाही. बोटं सुधारतीलही, वेळ लागेल. पण फवारणी आता नको, आणि गावात आणखी कुणी तेल लावत असेल तर त्यांना आजच सांगा.

आजच, असं ती म्हणाली. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

परत येताना मी नवऱ्याला एवढंच सांगितलं की गोळ्या दिल्यात आणि फवारणी बंद करायला सांगितलंय. त्यांनी “बरें” म्हटलं. आणखी काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. स्कूटर चालवताना मागून त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि त्या हाताची कोणती बोटं मला धरून आहेत आणि कोणती नुसती टेकलीयत हे मला पदरातून कळत होतं.

त्या दिवशी मी कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बागा पालवायला अजून वेळ आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग बागा पालवल्या. मोहोर दिसू लागला. डोंगरावरून पंपांची इंजिनं ऐकू येऊ लागली, आणि बालवाडीत मुलांना बडबडगीत शिकवता शिकवता मी मोजू लागले, हे एक इंजिन, ते दुसरं. प्रत्येक इंजिनाखाली एक माणूस, आणि त्याच्या अंगाला माझ्या सांगण्यावरून लावलेलं तेल.

मी काय केलं? मी गटाच्या व्हॉट्सअॅपवर एक संदेश टाकला. “फवारणीचे दिवस आहेत, सर्वांनी आपापल्या कुटुंबीयांची काळजी घ्यावी, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, काम झाल्यावर साबणाने आंघोळ करावी.” खाली हात जोडलेलं चिन्ह. तेलाचा त्यात शब्द नाही. अकरा जणींनी अंगठा दाखवला. खालच्या वाड्यावरच्या तिनं फूल पाठवलं. ते फूल बघून मी मोबाइल पालथा ठेवला.

वाटेत एखादी बाई भेटली की मला वाटायचं हिला कळलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. दोनदा मी सांगायच्या बेतानं खालच्या वाड्याकडे निघाले आणि पोदेराच्या सायकलीशी थांबून नको असलेले पाव घेऊन परत आले. काय सांगणार होते? की बाई चुकल्या? तीस वर्षं मी या गावात लोकांची आकडेमोड, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज तपासून दिलेत. चूक सापडली की लाल पेननं गोल करायची सवय. स्वतःभोवती गोल काढायला हात उचलेना. माणसांच्या जिवाशी गाठ आहे हे समजत असून उचलेना. आजही हे लिहिताना मला माझा राग येतो.

नवरा त्या दिवसांत घरीच होता. सकाळी मी बालवाडीत गेले की तेही बाहेर पडत. विचारलं तर म्हणत, देवळाकडे जाऊन येतो, जत्रेचं बघायचंय. बरं झालं, मी मनात म्हणत असे, चार माणसांत असतात, हाताकडे लक्ष जात नाही.

पंधरवडा उलटला असेल. एका दुपारी मुलं घरी गेल्यावर मदतनीस झाडू मारता मारता म्हणाली की खालच्या वाड्यावर, त्या हसऱ्या बाईच्या नवऱ्याला बागेत चक्कर आली. घामानं निथळत होता, ओकत होता, डोळ्यांपुढं धूसर. लोकांनी गाडीत घालून डिचोलीला नेलं, एक रात्र ठेवून घेतलं, आज घरी पाठवलंय.

मी खोलीला कुलूप लावलं की नाही मला आठवत नाही. उन्हातून तशीच गेले. उतारावर चप्पल दोनदा निसटली. एकच गोष्ट डोक्यात होती, हा माणूस मेला असता तर माझ्यामुळे मेला असता, आणि मी तेव्हा पाव विकत घेत होते.

ती अंगणात चादर वाळत घालत होती. मला बघून तिनं खुर्ची पुढं केली. मी बसले नाही. बसले तर पुन्हा दुसरंच काहीतरी बोलत बसेन याची मला खात्री होती.

“तेल लावू नकोस,” मी म्हटलं. “त्यांच्या अंगाला तेल लावू नकोस. मी सांगितलेलं चुकीचं होतं. तेलानं औषध जास्त आत जातं. मला डॉक्टरनं सांगून महिना होत आला.”

ती चादरीची सुरकुती काढत राहिली. “तेल? तें आमी कधींच बंद केलें, बाई.”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या ह्यांनी. पालवी फुटपाच्या आदींच. घरांनी घरांनी भोंवले ते. वयल्या वाड्यार, देवळाकडेन, सगळ्यांक सांगलें.”

मला काही समजेना. सकाळी, मी शाळेत गेल्यावर, देवळाकडे. म्हणजे डॉक्टरीण त्यांनाही बोलली होती, माझ्या आधी, आतल्या खोलीत. स्कूटरवर माझ्या मागं बसले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि मी गोळ्यांचं सांगत होते.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

तिनं चादरीला चिमटा लावला. “म्हणाले, तेलाची ती बुद्धी म्हजीच. बायल म्हजी नाका नाका म्हणटाली, हांवेंच आयकलें ना. म्हाका भोगचें पडलें, तुमी तरी सोडा.” मग हात पुसत म्हणाली, “तरीय ह्यांकां जालें तें जालेंच. वारो फिरलो आनी सगळें तोंडार आयलें. तेल नासताना. तुमी उगीच जिवाक लावन घेव नाकात.”

म्हणजे तेल नसूनही ते विष माणसाला पाडतंच. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला तो माणूस दिसत होता, बटण न लावता येणारा, एकेका दारात उभा राहून, तेल माझंच डोकं, बायको तर नको म्हणत होती, असं माझ्यावर आळ येऊ नये म्हणून खोटं बोलणारा. आणि खोटंही कसं, तर साफ निकामी. कारण मी तेलाचा धडा घेतला तेव्हा यातली प्रत्येक बाई त्या बुटक्या खुर्च्यांवर माझ्यासमोर बसलेली होती.

“अगं, पण मीच सांगितलं होतं,” मी म्हटलं. “बैठकीत. तुझ्यासमोर. दोनदा.”

“म्हाका खबर आसा, बाई. सगळ्यांक खबर आसा.” तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “पूण ते इतले चलत आयले, हात तसो. तांकां खोटे कित्याक पाडचें? आमी हय म्हणलें.”

मी तेव्हा खुर्चीवर बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांच्या खोट्याला हो म्हणून सगळ्या गावानं मला सांभाळून घेतलं होतं, आणि ज्या बाईला गावातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती, तिला एकटीला ते कळलं नव्हतं. त्या हसऱ्या बाईनं मला पाणी आणून दिलं. आतल्या खोलीत तिचा नवरा जागा झाला होता. त्यानं कोण आलंय विचारलं, मग खोल गेलेल्या आवाजात मला हाक मारली. मी दाराशी गेले. तो उठून बसायची धडपड करू लागला, मी नको म्हटलं.

“बाई,” तो म्हणाला, “भावाचो हात आतां कसो आसा?”